दुखत नाही, म्हणून थांबू नका

नर्सिंगची परीक्षा जवळ आली की आमच्या विद्यार्थिनी हृदय, मज्जासंस्था आणि त्वचा ही प्रकरणं तीन वेगळ्या वह्यांत पाठ करतात. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. वॉर्डात मात्र ही प्रकरणं एकमेकांत मिसळलेली सापडतात. मधुमेह असलेल्या बाईला हार्ट अटॅक येतो आणि छातीत दुखतच नाही, कारण साखरेनं नसाच बधिर केलेल्या असतात. लकवा झालेल्या आजोबांच्या माकडहाडावरची कातडी मरत असते आणि त्यांना पत्ता नसतो, कारण त्या बाजूची संवेदनाच गेलेली असते. पाठीवरचा फिकट चट्टा वर्षभर कुणी डॉक्टरांना दाखवत नाही, कारण तो ना खाजतो ना दुखतो.

मी हे विषय बरीच वर्षं शिकवते आहे. आज विद्यार्थिनींना सोडून तुमच्याशी बोलायचं आहे, कारण रुग्ण आमच्या हाती येण्याआधी तुमच्या घरात असतो. सगळ्यात किमती तास तिथेच जातात. ते का जातात, हे नातेवाइकांना विचारलं की बहुतेकदा एकच उत्तर येतं: 'तसं फार दुखत नव्हतं हो सिस्टर, म्हटलं सकाळी बघू.' हे 'सकाळी बघू' तुम्ही घरातून काढून टाकावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. दुखणं ही शरीराची सूचना आहे खरी, पण ती प्रत्येक वेळी येतेच असं नाही. हृदय, मेंदू आणि कातडी या तिन्ही ठिकाणी मोठं नुकसान मुकाट्यानं होऊ शकतं.

हृदयापासून सुरुवात करते. हृदयाला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली की त्या भागाचा स्नायू मरायला लागतो. तो एका क्षणात मरत नाही, तासातासानं मरत जातो. म्हणून तर उपचाराला अर्थ आहे. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटणं, छाती आवळणं, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ जाणं, दरदरून घाम फुटणं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांना ही लक्षणं अशी स्पष्ट येतात ते निदान निघतात तरी. माझी काळजी आहे ती बाकीच्यांची. बायका, म्हातारी माणसं आणि मधुमेही यांच्यात पुष्कळदा नुसती धाप लागते, मळमळतं, पोटाच्या वरच्या भागात जड वाटतं, अचानक गळून गेल्यासारखं होतं, जीव घाबरा होतो. बाई म्हणते, 'पित्त झालंय.' घरातले ओवा देतात, इनो देतात. ती भांडी घासून, ओटा पुसून मगच आडवी होते. असं होऊ देऊ नका. घरातली कधी तक्रार न करणारी बाई आज 'बसते जरा' म्हणाली आणि तिच्या कपाळावर गार घाम असेल, तर तो ॲसिडिटीचा घाम नाही असंच धरून चाला.

गॅस आहे की हृदय, हे घरी बसून ठरवता येत नाही. आम्हालाही ईसीजीशिवाय येत नाही. ईसीजी पाच मिनिटांत होतो आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही निघतो. रुग्ण दारात आल्यापासून १० मिनिटांच्या आत पहिला ईसीजी निघावा असा नियम आहे, तेव्हा तिथे रांगेत उभे राहू नका. 'छातीची तक्रार आहे' हे पहिलं वाक्य मोठ्यानं बोला. आणखी एक लक्षात ठेवा. पहिला ईसीजी चांगला आला म्हणजे सुटलो, असं नसतं. त्रास चालू असेल तर थोड्या वेळानं तो पुन्हा काढतात, रक्तात ट्रोपोनिन हे हृदयाच्या इजेचं प्रथिन तपासतात. 'पुन्हा काढणार का?' असं विचारण्यात तुमचा उद्धटपणा नाही.

तिथपर्यंत न्यायचं कसं, हे त्याहून महत्त्वाचं. दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवरून आणलेले रुग्ण मी पाहिले आहेत. स्वतः गाडी चालवत आलेलेही पाहिले आहेत. वाटेत ठोके बिघडले तर तिथे कुणाचाच इलाज चालत नाही. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. गाडी येईपर्यंत माणसाला टेकून बसवा, चालवू नका, जिना उतरवायचा असेल तर खुर्चीत बसवून उचला. जिथे गाडी यायला फार वेळ लागणार असेल तिथे मिळेल त्या चारचाकीनं निघा, पण रुग्णाला चालक करू नका. कागद शोधत बसू नका. एकानं रुग्णाबरोबर निघावं, दुसऱ्यानं रेशनकार्ड आणि आधार मागून आणावं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते आणि योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो, तिथे चौकशी करा.

गोळ्यांबद्दल जपून बोलते. ॲस्पिरिन चावून खाल्ल्यानं हार्ट अटॅकमध्ये फायदा होतो हे खरं आहे, पण ती १०८ च्या किंवा तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून द्या. ज्याला ॲलर्जी आहे, पोटात रक्तस्राव झालेला आहे, त्याला ती चालत नाही. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट शेजाऱ्यांच्या डब्यातून आणून कधीही देऊ नका. तिनं रक्तदाब झपकन उतरतो. ज्या पुरुषानं लैंगिक शक्तीसाठीची गोळी घेतली असेल त्याच्या जिवावर बेतू शकतं, आणि ही गोष्ट पुरुष बायकोदेखत सांगत नाहीत. डॉक्टरांना एकांतात सांगा, पण सांगा.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असो की अँजिओप्लास्टी, दोन्हींचा खरा फायदा पहिल्या काही तासांत मिळतो. गोव्यात लहान सरकारी केंद्रांत ईसीजी काढून तो तज्ज्ञांकडे पाठवायचा, गुठळीचं इंजेक्शन तिथेच द्यायचं आणि मग रुग्णाला बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हलवायचं, अशी साखळी उभी केली आहे. ती चालते ती रुग्ण वेळेत केंद्रापर्यंत आला तर.

माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही किंवा नुसते आचके आहेत, तर ते हृदय थांबल्याचं चिन्ह आहे. कुणी एकानं १०८ लावावा. दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात आणि भराभर दाबावं, मिनिटाला १०० ते १२०, दर वेळी निदान पाच सेंटिमीटर खोल. बरगडी मोडेल या भीतीनं हात आखडू नका. बरगडी सांधते.

आता मेंदू. इथे दुखतच नाही. लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू, 'अंगावरून वारं गेलं', काहीही म्हणा, बहुतेक वेळा तो अचानक आणि वेदनेशिवाय येतो. चहाचा कप हातातून सुटतो, तोंड वाकडं होतं, जीभ अडखळते, आणि माणूस स्वतःच म्हणतो, 'काही नाही, हात मुंग्यावलाय.' तुम्ही त्याला हसायला सांगा आणि तोंडाची एक बाजू खाली राहते का बघा. दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक हात घसरतो का बघा. साधं वाक्य बोलायला सांगा, शब्द जड येतात का ऐका. अचानक तोल जाणं, एकाएकी दिसेनासं होणं, आयुष्यात कधी दुखलं नव्हतं असं डोकं दुखणं, हीसुद्धा त्याचीच रूपं. यातलं एक जरी असलं तरी निघायचं.

आणि घड्याळ बघा. डॉक्टर तुम्हाला पहिला प्रश्न विचारतील तो, 'कधी सुरू झालं?' असा. त्याचं खरं उत्तर असतं, हा माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ते. रात्री दहाला जेवून झोपला, सकाळी सहाला हात उचलेना, तर वेळ रात्री दहाची धरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत देता येतं, आणि त्यात तुमचा प्रवास, केसपेपर आणि सीटी स्कॅन हे सगळं आलं. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर निवडक रुग्णांत तारेनं गुठळी काढण्याचा उपाय २४ तासांपर्यंतही करतात. म्हणून 'आता उशीर झाला' असं घरी ठरवून बसू नका. मात्र हे कुठे होतं, सीटी स्कॅन रात्रीही चालू असतो अशी जागा तुमच्यापासून किती दूर आहे, हे आजच विचारून ठेवा. ज्या रात्री गरज पडते त्या रात्री शोधाशोध करण्यात दोन रुग्णालयं फिरून होतात आणि तास संपतात.

लकव्यात घरी काय करू नये, हे काय करावं त्याहून महत्त्वाचं आहे. पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडात घालू नका. गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असू शकतात, घोट श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. ॲस्पिरिन तर देऊच नका. हार्ट अटॅकमध्ये जी गोळी वाचवते तीच इथे मारू शकते, कारण लकवा गुठळीनं झाला की रक्तस्रावानं हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून बीपीची जास्तीची गोळी देऊ नका. मेंदूला रक्त पोचावं म्हणून शरीरानंच तो चढवलेला असतो. मधुमेही माणूस असेल आणि घरात यंत्र असेल तर साखर तेवढी बघा, कारण साखर फार उतरली तरी लकव्यासारखंच चित्र दिसतं. आणि कबुतराचं रक्त चोळणं, अमक्या गावाला नेऊन तेल लावून आणणं, यात जो दिवस जातो तो परत मिळत नाही. श्रद्धेचा मी अपमान करत नाही. देवाला नवस रुग्णालयाच्या बाकावर बसूनही बोलता येतो.

लक्षणं दहा-पंधरा मिनिटांत आपोआप गेली तर? माणूस हसायला लागतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. हीच वेळ धोक्याची. असा थोडक्यात आटोपलेला झटका मोठ्या लकव्याची नांदी असू शकतो आणि पुढच्या ४८ तासांत जोखीम सगळ्यात जास्त असते. त्याच दिवशी दाखवा.

मेंदूचाच आणखी एक प्रसंग म्हणजे फिट. फिट आलेल्याच्या नाकाला चप्पल किंवा कांदा लावू नका, दातांत चमचा कोंबू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, वेळ मोजा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

कातडीबद्दल मात्र मी सविस्तर बोलणार आहे, कारण हृदयासाठी आणि मेंदूसाठी लोक आज ना उद्या धावतात, कातडीसाठी कुणी धावत नाही.

लकव्याचा रुग्ण घरी येतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष हातापायाकडे असतं. त्याच्या पाठीखाली मात्र दुसराच आजार तयार होत असतो. माकडहाड, टाचा, घोटे, कुल्ह्याचं हाड, जिथे हाडावर मांस कमी तिथे अंगाच्या वजनानं रक्तपुरवठा दबतो. तुम्हा-आम्हाला तिथे अवघडतं म्हणून झोपेतसुद्धा कूस बदलतो. त्याला अवघडलेलं कळत नाही आणि कळलं तरी वळता येत नाही. काही तासांत डाग उमटतो. त्यावर बोट दाबून सोडा. लाली पांढरी होऊन परत आली तर ठीक, दाबूनही लालच राहिली तर बेडसोर सुरू झाला. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही, म्हणून हात लावून बघा. आजूबाजूपेक्षा गरम, घट्ट किंवा काळसर-जांभळट वाटतंय का? या टप्प्यावर तो पूर्ण बरा होतो. कातडी फाटली की महिने लागतात, आणि आत हाडापर्यंत गेलेली जखम बाहेरून रुपयाएवढीच दिसते.

उपाय साधा आहे आणि कष्टाचा आहे. दर दोन तासांनी कूस बदला. डावी, पाठ, उजवी, असं वेळापत्रक भिंतीवर लावा आणि करणाऱ्यानं तिथे वेळ लिहावी. रात्रीचं एकाच सुनेवर टाकू नका. घरातल्या पुरुषांनीही दोन वेळा घ्याव्यात, ते काम बाईचं आहे असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. वर सरकवताना ओढू नका, चादरीत उचला. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राहू द्या. लुळ्या हाताला धरून उठवू नका, खांदा निसटतो. चादरीची सुरकुती, बिस्किटाचा चुरा, ओला डायपर हे सगळे शत्रू आहेत. लाल झालेल्या हाडावर चोळून मालिश करू नका, स्पिरिट लावू नका, मध्ये भोक असलेली रबरी गादी वापरू नका. हवेची गादी चांगली, पण ती आणली म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही. आणि डाळ, अंडी, दूध, जे चालेल ते द्या. नुसत्या पेजेवर जखम भरत नाही.

हीच बधिरता मधुमेह्याच्या पायात असते. पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि चार पावलं गेल्यावर लक्षात आलं, असं घडलं असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. अशा पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका. शेक देताना पाय भाजून फोड येतात आणि 'छान वाटतंय' म्हणत माणूस बसून राहतो. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा, हेही तसंच. वारीला जा, जरूर जा, पण मुक्कामाला पोचल्यावर तळवे आरशात बघा किंवा सोबत्याला दाखवा. फोड, भेग, रुतलेला खडा डोळ्यांनीच शोधावा लागेल, पाय सांगणार नाही.

कुष्ठरोगाबद्दल बोलताना अजूनही आवाज खाली येतो. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याला काम सुरू केलं तेव्हा या रोगावर आजच्यासारखा खात्रीचा उपचार नव्हता. आज आहे. सरकारी दवाखान्यात गोळ्यांची पाकिटं मोफत मिळतात, सहा महिने ते वर्षभर घ्यायची असतात, आणि उपचार सुरू झाले की संसर्गाची भीती लवकरच संपते. रोग बरा होतो. पण आधी मेलेली नस परत येत नाही, म्हणून घाई. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे कापसाचा स्पर्श कळत नसेल, करंगळी वाकडी होत असेल, डोळा नीट मिटत नसेल, तर दाखवा. आशा सेविका घरी तपासायला येते तेव्हा 'आमच्यात तसलं काही नाही' म्हणून तिला दारातून परत पाठवू नका. पाठ स्वतःला दिसत नसते.

शेवटी नागीण, कारण ती या सगळ्याच्या उलट वागते. इथे आधी दुखतं आणि दिसत काहीच नाही. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जारज्जूजवळच्या नसांत दडून राहतो आणि पन्नाशीनंतर किंवा प्रतिकारशक्ती घटली की एखाद्या नसेच्या वाटेनं बाहेर येतो. आधी दोन-तीन दिवस छातीच्या किंवा पाठीच्या एका बाजूला आग, सुया टोचल्यासारखं, मग त्याच पट्ट्यात पाण्याचे फोड. डाव्या छातीत असं दुखलं तर फोड येण्याची वाट बघू नका, आधी ईसीजीच काढा. फोड आले की ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर त्या चांगल्या लागू पडतात. आणि हेच तीन दिवस आपल्याकडे काव लावण्यात आणि मंत्रानं उतरवून घेण्यात जातात. नागिणीची दोन तोंडं मिळाली की माणूस दगावतो, ही भीती मनातून काढा. ती एका बाजूच्या एका नसेपुरती राहते, म्हणून बहुधा तोंडं मिळतच नाहीत. खरी भीती वेगळी आहे. उपचाराला उशीर झाला तर फोड सुकल्यावरही महिनोन्‌महिने ती आग राहू शकते, सदऱ्याचा स्पर्श सोसवत नाही. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळा धोक्यात असतो, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. फोड सुकेपर्यंत तान्ही बाळं आणि कांजिण्या न झालेल्या गरोदर बायका यांना जवळ येऊ देऊ नका. पन्नाशीनंतर घेण्याची लस आपल्याकडे मिळू लागली आहे. ती महाग आहे, पण परवडत असेल तर डॉक्टरांशी बोला.

आम्ही ड्यूटी बदलताना एकमेकींना 'ओव्हर' देतो. कोण रुग्ण, काय झालं, कधीपासून, कोणती औषधं चालू, काय दिलं. तुम्ही अपघात विभागाच्या दारात पोचाल तेव्हा तुम्हीही आम्हाला ओव्हरच देत असता. घरातल्या सगळ्यांची औषधं, मधुमेह-बीपी, ॲलर्जी आणि आधीची ऑपरेशनं एका कागदावर लिहून तो फ्रिजवर चिकटवा, त्याचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा. पिशवीत सुट्या गोळ्या आणू नका, नाव वाचता येईल अशी पूर्ण पट्टी आणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते दारातच सांगा, कारण गुठळीचं इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्यावर ठरतं. कबुतराचं रक्त, काव, शेजाऱ्यांची गोळी, घरी जे केलं असेल तेही सांगा. आम्ही रागावणार नाही.